ट्रकचा चेक लाइट आणि अचानक बंद पडणारी गाडी: सातारा-सांगलीकडच्या चालक-मालकांचे नेहमीचे प्रश्न

ऊस असो, हळद असो, तासगावचा बेदाणा असो नाहीतर खडी, भरलेली गाडी रस्त्यात बंद पडली की पहिला फोन मालकाला जातो, दुसरा मिस्त्रीला. त्या दुसऱ्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः २४ व्होल्टच्या, कॉम्प्युटर असलेल्या डिझेल ट्रकसाठी आहेत, म्हणजे धुराच्या सरकारी नियमांतल्या बीएस-४ (देशभर १ एप्रिल २०१७ पासून) आणि बीएस-६ (१ एप्रिल २०२० पासून) गाड्या. जुन्या पंपवाल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा दिला आहे.

इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, पण गाडी नीट ओढतेय. थांबू का चालवू?

चालवा, पण बघत चालवा. पिवळा दिवा म्हणजे कॉम्प्युटरनं काहीतरी नोंदवलं आहे, गाडी लगेच उभी करा असं नाही. तापमानाचा काटा, ऑइल प्रेशर, एअरचं प्रेशर आणि पिकअप या चार गोष्टींकडं लक्ष ठेवा. चारही जागेवर असतील तर माल उतरवून मग गॅरेजला जायला हरकत नाही. पिकअप तुटली, काळा किंवा पांढरा धूर वाढला, किंवा दिवा लुकलुकायला लागला, तर पुढच्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या. खंबाटकी किंवा कुंभार्ली चढायच्या आधी दिवा लागला असेल तर घाटाच्या पायथ्याशीच निर्णय घ्या. मधल्या वळणावर घ्यायचा तो निर्णय नव्हे.

आणि लाल दिवा?

थांबा. त्यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत वागायची रीत वेगळी आहे.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की इंजिन ताबडतोब बंद. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणण्यात बेअरिंग जातात आणि क्रँकचं काम निघतं. गाडी सपाटीला लावून थोडा वेळ जाऊ द्या, मग ऑइल मोजायची पट्टी काढून ऑइल बघा. ऑइल बरोबर असेल तर स्विच किंवा त्याची वायर खराब असण्याची शक्यता आहे, पण मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय तसं ठरवू नका. स्विच शंभरदा खोटं बोलला तरी एकदा खरं बोलतोच, आणि त्या एकदाची किंमत इंजिनाएवढी असते.

तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन ताण काढा आणि कूलंट फसफसून बाहेर येत नसेल तर एखादं मिनिट रिकाम्या इंजिनावर (रेस न देता) चालू ठेवून मग बंद करा. फॅन बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सगळं गेलं असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे ज्याला माहीत नाही असा क्लीनर नसेल, आणि तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात भाजतोच.

काही बिघाड नसताना गाडी स्वतःहून बंद होते का?

होते. बऱ्याच इंजिनांत संरक्षणाची सोय असते. ऑइल प्रेशर पडलं, तापमान वाढलं किंवा कूलंट कमी झालं की आधी बझर वाजतो, ताकद कमी होते आणि मग इंजिन आपणहून थांबतं. यातलं कूलंटचं प्रकरण घाटात फसवतं. टाकीत कूलंट थोडंसंच कमी असतं, सपाटीला सेन्सर बुडालेला राहतो, आणि चढावर पाणी मागं सरकलं की सेन्सर उघडा पडतो. पायथ्याशी दिवा नाही, वर दिवा, खाली उतरलं की परत नाही. अशा वेळी सेन्सर बदलायच्या आधी कूलंट खुणेपर्यंत भरा आणि ते कुठं जातंय ते शोधा.

घाटात किंवा हायवेवर चालती गाडी एकदम बंद पडली तर पहिल्यांदा काय करायचं?

कारण शोधणं नंतर. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं, एक्झॉस्ट ब्रेक जातो आणि एअर कॉम्प्रेसर एअर बनवायचा थांबतो. टाक्यांत जी एअर शिल्लक आहे तेवढीच तुमची. म्हणून ब्रेक पंप केल्यासारखा वारंवार दाबू नका. एकदाच, दाब धरून, गाडी डावीकडं घ्या. प्रत्येक दाबागणिक एअर कमी होते, आणि फार कमी झाली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून गाडी आहे तिथंच बसते. ती जागा वळणातली किंवा बोगद्यातली असली तर मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात.

गाडी थांबली की हँडब्रेक, पार्किंग लाइट, मागं पुरेशा अंतरावर त्रिकोण, चाकामागं ठोकळा. उताराला गाडी गिअरमध्ये सोडून ‘ढकलस्टार्ट’ करायचा मोह आवरा. एअर नसताना भरलेली गाडी सुटली तर ती कुणाच्या बापाची नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि अपघाताचा धोका असेल तर ११२.

गाडी कशी बंद पडली यावरून काही कळतं का?

अर्ध्याहून जास्त कळतं, आणि नेमकं हेच कुणी लक्षात ठेवत नाही. ‘बंद पडली’ एवढंच मिस्त्रीला कळतं. तीन तऱ्हा वेगळ्या ओळखा.

पहिली, एकदम. धक्का नाही, धूर नाही, स्विच बंद करावा तशी. हे बहुतेक वेळा विजेचं काम. त्या क्षणी मीटरचे दिवेही गेले का, हे आठवा. सगळंच गेलं असेल तर बॅटरीची टर्मिनल, मेन स्विच, मेन फ्यूज, अर्थची पट्टी. मीटर चालू राहिला पण इंजिन गेलं, तर कॉम्प्युटरचा रिले किंवा फ्यूज, नाहीतर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरच पडून आहे, तर क्रँक सेन्सर किंवा त्याच्या वायरवर संशय घ्यायला जागा आहे.

हा क्रँक सेन्सर मोठा लबाड. आतली तार गरम झाली की तुटते, थंड झाली की जुळते. भर उन्हात शिरवळपासून चढत आलेली गाडी बंद पडते, अर्धा तास चहा होतो, गाडी परत सुरू होते, आणि गॅरेजमध्ये थंड सेन्सर मीटरवर पास होतो. गाडी गरम असताना, बंद पडलेल्या अवस्थेतच त्याचं मोजमाप घ्यायला हवं. काही इंजिनं क्रँक सेन्सर गेला तरी कॅम सेन्सरच्या आधारावर कमी ताकदीनं चालतात, म्हणून हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही.

दुसरी तऱ्हा, धापा टाकत. पिकअप कमी झाली, दोन-तीन झटके बसले, मग बंद. हे डिझेलचं. फिल्टर चोक, पाइपमधून एअर, फीड पंप कमजोर, टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं. शेवटचं तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर कारण हातातच आहे. टाकीत डिझेल कमी ठेवून चिपळूणहून कुंभार्ली चढणाऱ्यांचा वेगळाच प्रकार होतो. चढावर डिझेल मागं सरकतं, ओढणारा पाइप एअर घेतो. मग सेन्सरवर खर्च होतो आणि दोष टाकीतल्या डिझेलच्या पातळीचा असतो.

तिसरी तऱ्हा, आवाज करून किंवा जड होत होत. तापमान वर गेलेलं, ठोका ऐकू आला, इंजिन कळत कळत थांबलं. इथं परत सेल्फ मारू नका. ऑइल बघा, पाणी बघा, आणि इंजिन हातानं फिरतंय का ते मिस्त्रीलाच बघू द्या.

स्कॅनर लावला, कोड निघाला. तो पार्ट बदलू का?

थांबा जरा. कोड म्हणजे ‘खालच्या आळीला भांडण झालंय’ असं येऊन सांगणारा माणूस. चूक कुणाची ते त्याला माहीत नसतं.

ट्रकच्या कोडमध्ये बऱ्याचदा दोन आकडे येतात, एसपीएन आणि एफएमआय. एसपीएन सांगतो कशाबद्दल बोलणं चाललंय: ९७ डिझेलमधलं पाणी, १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १११ कूलंटची पातळी, १५७ रेलमधलं (सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या नळीतलं) प्रेशर, १६८ बॅटरीचा व्होल्टेज, १९० इंजिनचा वेग. एफएमआय सांगतो तक्रार कसली आहे, आणि खरी माहिती तिथंच असते. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, २ म्हणजे सिग्नल वेडावाकडा. हे चार दिसले की वायर, पिन, कनेक्टर आणि अर्थ आधी. ० किंवा १ दिसला, तर मोजलेली किंमत खरोखरच धोक्याच्या पलीकडं वर किंवा खाली गेली असं कॉम्प्युटरला वाटतंय; तिथं सेन्सर बदलण्याआधी ती वस्तूच बघा.

म्हणजे १००-१ आला तर ऑइल प्रेशर गेजनं मोजा. १००-४ आला तर कनेक्टर उघडून हिरवा गंज आहे का बघा. दोन्हींवर ‘ऑइल सेन्सरचा कोड आहे’ असं एकच वाक्य बोललं जातं आणि एकच सेन्सर विकला जातो. एकावेळी सात-आठ कोड निघाले आणि त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नसेल, तर सगळे सेन्सर एकदम गेले नाहीत. त्यांची सामायिक ५ व्होल्टची वायर, अर्थ किंवा कमी पडलेला बॅटरीचा व्होल्टेज यांपैकी काहीतरी आहे.

कोड पुसायच्या आधी फोटो काढा. कोड पडला त्या वेळचा आरपीएम, तापमान, लोड अशी नोंदही काही गाड्यांत सोबत असते, ती पुसली की परत मिळत नाही.

कारचा ब्लूटूथ स्कॅनर ट्रकला लावला तर?

बहुतेक स्वस्त स्कॅनर १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी असतात. २४ व्होल्टवर जळू शकतात, आणि जळले नाहीत तरी ट्रकची भाषा त्यांना वाचता येईलच असं नाही. २४ व्होल्ट आणि ट्रकचा प्रोटोकॉल असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

बॅटरीचं टर्मिनल काढून लावलं, दिवा गेला. झालं ना काम?

नाही. पुरावा गेला, दोष तिथंच आहे.

डिझेल फिल्टर बदलल्यापासून गाडी बंद पडतेय. फिल्टरच खराब आला का?

बहुधा एअर राहिली आहे किंवा नव्या जोडणीतून एअर शिरतेय. फिल्टरची रबरी रिंग चिमटली का, बँजो बोल्टचे वॉशर जुनेच बसवले का, हे बघा. गळत नाही म्हणजे एअर घेत नाही, असं नसतं: टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा असतो, तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्या भागात थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

एअर काढताना हातपंप घट्ट होईपर्यंत मारा. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर तरी विश्रांती द्या. जुन्या सवयीनं नोझलचा पाइप ढिला करून एअर काढायला जाणारे अजून भेटतात. कॉमन रेलच्या गाडीवर, म्हणजे जिथं सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल जातं, हे करू नका. चालू इंजिनात रेलमधलं प्रेशर १,६०० बार किंवा त्याच्याही पुढं जातं. तिथून निघालेली बारीक धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. असं झालं तर मलमपट्टी न करता सरळ सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरचं डिझेल आत गेलंय असं सांगा.

हंगामात बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांनी पाण्याच्या सेपरेटरचा खालचा नळ रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी उघडावा. पाणी रात्रीत खाली बसलेलं असतं.

बीएस-६ गाडी पिकअप घेत नाही, युरियाचा दिवा आहे. यामुळं गाडी बंद पडते का?

धावती गाडी सहसा एकदम बंद पडत नाही. टाकी रिकामी झाली किंवा युरिया दर्जाचा नसला की आधी सूचना, मग ताकद कमी, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी रांगायला लागते. घाटात भरलेल्या गाडीला हे बंद पडण्यासारखंच वाटतं, म्हणून गल्लत होते.

ज्याला आपण युरिया म्हणतो तो डीईएफ, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. आता न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: घरातलं शेतीच्या युरियाचं पोतं पाण्यात घोळून चालत नाही. आपल्याकडचा खताचा युरिया निंबोळी तेलाचं आवरण दिलेला असतो. ते तेल आणि खतातली इतर भेसळ डोझिंगचा, म्हणजे युरिया फवारणारा नोझल बुजवतात आणि धूर साफ करणारा महागडा कॅटॅलिस्ट मारतात. शिवाय अनुदानाचं खत असं वापरणं कायद्यानं गुन्हा आहे. बादलीमागं वाचलेले पैसे युरियाचा एक पंप बदलण्यात जातात.

कारखान्याच्या यार्डात रात्रभर नंबर लागत नाही. इंजिन चालू ठेवलं तर काय बिघडतं?

डीपीएफ, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर, असलेल्या गाडीचं बिघडतं. साखर कारखान्याच्या रांगेत गाडी तासन्‌तास रिकाम्या आरपीएमवर चालू राहिली, दर दहा मिनिटांनी गव्हाणीकडं चार हात सरकली, की हा फिल्टर काजळीनं भरतो, कारण ती जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. मग दिवा येतो आणि दुर्लक्ष केलं की ताकद जाते. रांगेत इंजिन बंद ठेवा, माल उतरल्यावर हायवेला मोकळी धाव द्या.

उभ्या गाडीवर बटण दाबून रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळणं, करायचं असेल तर जागा बघा. त्या वेळी एक्झॉस्टमधली उष्णता ५०० अंशांच्या पुढं जाते. फडात, पाचटावर किंवा यार्डातल्या चिपाडाच्या ढिगाजवळ हे करणं म्हणजे आग लावायला काडी मागणं. दिवा आल्यावर घाबरून रिजनरेशन अर्ध्यात तोडत राहणारेही पुष्कळ. त्यानं काजळी तशीच राहते, आणि काही इंजिनांत डिझेल खाली ऑइलमध्ये उतरून पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल आपोआप वाढलं, तर ती चांगली बातमी नव्हे.

मिस्त्री म्हणतो कॉम्प्युटर गेला. खरं असेल?

असू शकतं, पण शेवटी. त्याला एकच विचारा: कॉम्प्युटरच्या पॉवर आणि अर्थच्या पिनवर लोड देऊन बघितलं का? नुसता मीटर लावला तर एका तारेवर तग धरलेली वायरही २४ व्होल्ट दाखवते. त्याच पिनांवर हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब पेटवून बघा. बल्ब मंद जळला तर वायर कमजोर आहे, कॉम्प्युटर नाही.

व्होल्टेजचे साधारण आकडे: रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटऱ्या २५ च्या वर, इंजिन चालू असताना साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस, सेल्फ मारताना अठराच्या खाली जाऊ नये. बॅटरी आणि इंजिन यांमधल्या अर्थ पट्टीवर सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर घट दिसली तर ती पट्टी सोडवून घासून परत आवळा.

आणि बॉडीवाल्याकडं वेल्डिंग केलं होतं का, हे मालकांनी आठवावं. फाळका किंवा चॅसिस वेल्ड करताना बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि कॉम्प्युटरचे कनेक्टर काढायचे असतात, वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जवळ लावायचा असतो. हे न करता झालेल्या वेल्डिंगनंतर आठवड्याभरात कोड यायला लागले तर योगायोग म्हणून सोडू नका.

उंदरांचं काय करावं?

धान्य, पेंड किंवा गूळ वाहणाऱ्या गाडीत ते येणारच. केबिन उचलून वायरिंग बघत जा, आणि कुरतडलेल्या वायरला टेप गुंडाळून न सोडता नीट जोडून स्लीव्ह चढवा.

गाडी जुनी आहे, कॉम्प्युटर नाही. ती अचानक का बंद पडते?

तिला चालायला डिझेल आणि हवा पुरते. पंपावर स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे विजेवर डिझेल सोडणारा-तोडणारा भाग, असेल तर त्याची वायर निघाली की गाडी एकदम जाते. ते नसेल तर डिझेल लाइनच धरा.

महापुरात उभी होती. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू का?

मुळीच नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, एअर क्लीनर उघडून ओला आहे का बघा, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालंय का बघा, डिझेल टाकी रिकामी करा. नोझल काढून इंजिन आधी हातानं फिरवायचं. कॉम्प्युटर आणि कनेक्टर पाण्याखाली गेले असतील तर ते उघडून वाळवल्याशिवाय चावी फिरवू नका. विम्याचा दावा करायचा असेल तर फोटो आधी, काम नंतर. पाण्यातून काढलेल्या गाडीला सेल्फ मारून झालेलं नुकसान कंपन्या सहज नाकारतात.

फोनवर मिस्त्रीला नेमकं काय सांगू?

असं: “मिस्त्री, पाचवड फाट्याच्या पुढं हाय, साताऱ्याकडं तोंड. लोड भरलेला. चालता चालता एकदम गेली, झटका नाही. मीटर चालू हाय. सेल्फ फिरतोय, पण आरपीएमचा काटा हलत नाही. तापमान मधीच होतं. अर्ध्या तासानं एकदा सुरू झाली, परत गेली.” एवढ्यावर तो कुठला सेन्सर आणि कुठला मीटर पिशवीत घालायचा ते घरूनच ठरवतो. ‘या लवकर, गाडी बंद हाय’ एवढं सांगितलं तर तो आधी बघायला येणार, मग सामान आणायला कराडला जाणार, आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे तुम्हीच देणार.

टो करून न्यायची झाली तर?

इंजिन बंद म्हणजे एअर नाही, एअर नाही म्हणजे स्प्रिंग ब्रेक लागलेले. ओढणाऱ्या गाडीवरून एअरची लाइन द्या किंवा ब्रेक चेंबरचे बोल्ट फिरवून मोकळे करा. मोकळे केल्यावर त्या गाडीला मागचा पार्किंग ब्रेकच उरत नाही, म्हणून आधी ठोकळे लावा. लांब न्यायची असेल तर जॉइंट, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडवा. इंजिन बंद असताना बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ऑइल वर चढत नाही आणि चाकांनी फिरवलेला गिअरबॉक्स कोरडा जळतो. घाटात दोरानं ओढू नका, लोखंडी बारच वापरा.